अभिमन्यूचं हसू

अभिमन्यू शेततळ्यात बुडाला तेव्हा त्याचा मोबाईल त्याच्याच खिशात होता. तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लास्टिकवरून एक कोकरू आत घसरलं, ते काढायला तो उतरला. कोकरू त्यानं वर ढकललं. स्वतःला मात्र त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून वर येता आलं नाही. एकोणीस वर्षांचं पोर. पोहता येत होतं, तरी गेलं.

मागं राहिले नाथा आणि कडूबाई. वडवणीजवळच्या वस्तीवर त्यांचं घर, मागं मेंढरांचा वाडा, पुढं पडवीत घोंगड्यांचा माग. कडूबाई लोकर कातायची, नाथा विणायचा. पोराचे सगळे फोटो मोबाईलसकट पाण्यात गेले होते. घरात उरला होता एकच, बारावीला कॉलेजात लागतो म्हणून काढलेला, बोटाएवढा. त्यात अभिमन्यूचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. कडूबाईला तो फोटो बघवायचा नाही. पोरगा कुणावर तरी रागावून बसलाय असं वाटायचं. आणि हा तर जेवताना हसायचा, शिव्या खाताना हसायचा, मेंढराची लाथ बसली तरी हसायचा. हसला की वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला दिसायचा. नाथा त्यावरून त्याला चिडवायचा आणि तो आणखी हसायचा.

तलवाड्याला कडूबाईचा भाऊ रामेश्वर. त्याची मुलगी ऋतुजा अभिमन्यूच्याच वयाची. आत्याच्या पोराला मामाची पोरगी, असं दोन्ही घरांत त्यांच्या लहानपणापासून बोललं जायचं. कुणी बसून ठरवलं नव्हतं, तसं कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. अभिमन्यू गेला तेव्हा ऋतुजा बाकीच्या बायांबरोबर येऊन बसली, रडली आणि बापाबरोबर परत गेली. तिला वेगळं काही विचारण्याचं कुणाला सुचलं नाही.

वर्षश्राद्धाला ती एक मोठी फ्रेम घेऊन आली. कागद सोडला आणि पडवीतलं बोलणं थांबलं. फ्रेममध्ये अभिमन्यू होता. खांद्यावर घोंगडी, मागं हिरवं रान, आणि तो हसत होता. पांढरेशुभ्र, एका ओळीतले दात.

"कुठला गं ह्यो फोटो?" कडूबाईनं विचारलं. "कवा काढल्ता?"

"काढला न्हाई आत्या, बनवलाय. त्या बारक्या फोटोवरून. मोबाईलमधी एआय असतंय. त्याला फोटो द्यायचा, काय पायजे ते सांगायचं. ते करून देतं."

कडूबाईनं फ्रेम छातीशी धरली. दाताचं तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण वर्षभरानं पोरगा हसताना दिसला होता, तिथं दाताचं काय घेऊन बसायचं? फ्रेम देव्हाऱ्याशेजारी लागली.

पुढं ऋतुजानं नाथाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात तोच अभिमन्यू मान वळवून बघायचा आणि हसायचा. एवढंच होतं. कडूबाई लोकर कातताना मोबाईल समोर टेकवून तो लावून ठेवायची. वस्तीवरच्या बाया बघायला यायच्या. "जिता हाय गं," म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. मग त्यातल्या एकीनं आपल्या सासऱ्याचा फोटो ऋतुजाकडं दिला, दुसरीनं बहिणीचा. पोरीला काम मिळत गेलं.

वडवणीत आठवडी बाजाराच्या मैदानाला लागून कारागिरांचा वेगळा बाजार भरायचा. घोंगड्या, वाकळा, मडकी, टोपल्या, केरसुण्या. बचत गटाच्या सत्यशीलाताईंनी तो सुरू केला होता. त्यांचे यजमान मोहनराव तालुक्याच्या राजकारणातले, म्हणून मांडव आणि पाणी फुकट मिळायचं. बीडहून, संभाजीनगरहून गाड्या करून लोक यायचे. कोणाला बसू द्यायचं हे कारागिरांची समिती ठरवायची. कडूबाईनं ऋतुजासाठी शब्द टाकला.

"माझ्या भावाची पोरगी हाय ताई. तिच्या हातात कला हाय."

ताईंनी फोटो बघितले, त्यांना आवडले. कडूबाईच्या शेजारचीच जागा मिळाली.

पहिल्याच बाजाराला कडूबाई घोंगड्यांचं गाठोडं घेऊन आली आणि थबकली. ऋतुजाच्या दुकानावर माणसाएवढा फ्लेक्स लागला होता. त्यावर अभिमन्यू हसत होता आणि खाली लिहिलं होतं, 'गेलेलं माणूस पुन्हा आपल्या घरी'.

"आत्या, नमुना दाखवावा लागतोय," ऋतुजा म्हणाली. "त्याच्याबिगर लोकांना कळत न्हाई."

कडूबाईनं गाठोडं सोडलं. पोरगी बाजारात नवी होती, तिला नाराज करावंसं वाटलं नाही. पण दिवसभर लोक येत होते, अभिमन्यूच्या तोंडाकडं बोट करत होते. "आमच्या दादांचा असाच पायजे. असाच हसरा करा." एक जण म्हणाला, "ह्याच्यापेक्षा जरा गोरा करा." कडूबाई घोंगडीची घडी घालत राहिली.

समोरच्या बाजूला सुंदरराव बसायचे. देव्हाऱ्यात पुजायचे चांदीच्या पत्र्याचे टाक ते करायचे. खंडोबाचा, बिरोबाचा, तसा घरातल्या गेलेल्या माणसाचाही. गेलेल्या माणसाचा टाक म्हणजे घोडा, घोड्यावर स्वार, हातात भाला. तोंडाच्या जागी दोन ठिपके आणि एक रेघ. कुणाच्याही आजाचा टाक घ्या, तोंड तेच. आता लोक त्यांच्याकडं येऊन विचारायला लागले, "त्या पोरीवानी तोंड काढता येतंय का ह्याच्यावर?" सुंदरराव चिडायचे. काही बाजारांनंतर ऋतुजानं तेही सुरू केलं. मोबाईलवर चित्र करायचं, बीडच्या कारखान्यातून पत्र्यावर उठवून आणायचं. नाक, डोळे, मिश्या, सगळं ज्याचं त्याचं. सुंदररावांसमोरची गर्दी उठून तिकडं गेली.

त्या सुमारास एका दुपारी लोकर कातताना कडूबाईचा हात चातीवर थांबला.

"आवो, अभ्याचा दात कंच्या बाजूला व्हता?"

मागावर बसलेल्या नाथानं वर बघितलं. "डाव्या."

"डाव्या न्हाई वाटत. उजव्या असंल."

"मंग उजव्या."

"मंग म्हंजी? तुमाला म्हाईत हाय का न्हाई?"

नाथानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. उघडले तेव्हा तो घाबरलेला होता.

"मला फोटोतलाच दिसतोय गं."

कडूबाईनंही डोळे मिटले. भाकरी चावताना त्याला आठवून पाहिलं. वाड्यात कोकरू धरून आई आई म्हणून हाक मारताना आठवून पाहिलं. ती त्याला काठी घेऊन मारायला धावली होती आणि तो पळता पळता मागं वळून हसला होता, ते आठवलं. सगळीकडं तोच फ्रेममधला पोरगा होता. तिनं स्वतःच्या दातांवर बोट फिरवलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. मग ती उठून मेंढरांच्या वाड्यात जाऊन उभी राहिली, कारण घरात भिंतीवर तो होता.

पुढच्या बाजाराला तिनं ऋतुजाला विचारलं. गिऱ्हाईक नव्हतं, दोघी आपापल्या जागेवर बसल्या होत्या.

"ऋतुजे, अभ्याचा दात कंच्या बाजूला व्हता गं?"

"डाव्या," ऋतुजा लगेच म्हणाली. "कावून?"

कडूबाईनं डावी बाजू मनात धरून पाहिली. पोरगी खरं सांगत असणार. पण ते ऐकणं म्हणजे परक्या गावात काही झालं त्याची बातमी ऐकल्यासारखं होतं. काही दिसलं नाही.

"मंग फोटोत कावून न्हाई?"

"त्या फोटोत तोंड मिटलेलं व्हतं ना. त्याला कुठनं ठाऊक? त्यानं आपल्या मनानं दात घातले."

"आन् तू बघितलं न्हाईस?"

ऋतुजानं समोरची फ्रेम सरळ केली. "बघितलं."

"मंग?"

"बरा दिसत व्हता, आत्या."

कडूबाई तिच्याकडं बघत राहिली. ऋतुजाला ते सहन झालं नाही. "त्यात काय एवढं? आत्ता करून देते," असं म्हणून तिनं मोबाईल काढला, बोटानं काहीबाही लिहिलं आणि थोड्या वेळानं पडदा आत्यापुढं धरला. तोच फोटो होता, तीच घोंगडी, तेच रान. डावीकडं एक दात दुसऱ्यावर चढवलेला होता. कुणीतरी बाहेरून आणून लावल्यासारखा.

"ह्यो कोण?" कडूबाईनं विचारलं.

"आत्या..."

"म्या काय म्हणते, ह्यो कोण हाय?" तिचा आवाज चढला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. समोर सुंदररावांनी हातोडी खाली ठेवली होती. त्यांनी सगळं ऐकलं.

त्याच संध्याकाळी बाजार उठल्यावर त्यांनी समितीला थांबवून घेतलं. मांडवाखाली सगळे बसले. ऋतुजा होती, नाथा आणि कडूबाईही होते.

"हा कारागिरांचा बाजार हाय," सुंदररावांनी सुरुवात केली. "हितं हातानं केलेलं विकायचं, असं ठरलंय. ही पोरगी हातानं काय करती? बोट फिरवती. त्या मशिनीला सांगती आन् आणून विकती. हे चालायचं न्हाई."

"तुमी तरी कुठं हातानं काढता काका?" ऋतुजा म्हणाली. "तुमच्याकडं पितळंचा ठसा हाय. पत्रा ठेवता, ठोकता, झाला टाक. सगळ्यांचं तोंड एकच निघतंय."

"ठसा माझ्या आजानं कोरलाय!"

"मंग हे बी कुणीतरी केलंच आसंल की. आभाळातून पडलंय का?"

दोन-तीन जण हसले. मडकी विकणारा अभिमन्यूच्या फ्लेक्सकडं बघत म्हणाला की पोरीमुळं गर्दी होतेय, त्यातलं चार गिऱ्हाईक आमच्याकडंही वळतं, उगीच कशाला हाकलायचं. टोपल्यांवाल्या भामाबाईनंही मान डोलावली. सुंदरराव लालबुंद झाले.

सत्यशीलाताई तोवर गप्प होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "आज बीडच्या एक बाई आल्या होत्या. ऋतुजाच्या दुकानातून निघाल्या, कडूबाईंच्या घोंगडीला हात लावला आणि मला विचारलं, हे तरी खरं आहे का हो? मी काय सांगणार? लोक इतक्या लांबून कशाला येतात? ती शंका एकदा आली की मडक्यावर पण येईल आणि टोपलीवर पण."

सुंदररावांना तेवढं पुरलं.

"कडूबाईंना इचारा," ते म्हणाले. "ज्याचं तोंड दाखवून ही धंदा करती, त्याच्या आईलाच इचारा. वैनी, तुमी सांगा. त्यो फोटो तुमच्या पोराचा हाय का?"

सगळे कडूबाईकडं बघायला लागले. नाथानं तिच्या हाताला हात लावला. ऋतुजा म्हणाली, "सांग आत्या."

"न्हाई," कडूबाई म्हणाली.

"मंग कुणाचा हाय?"

"म्हाईत न्हाई. पर आता मला त्योच दिसतो. माझा गेला."

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. मडकीवाला खाली बघत बसला. ताईंनी निर्णय सांगितला. एआयनं केलेली चित्रं, फोटो, टाक, काहीही या बाजारात बसणार नाही. प्रवेशाशी तसा बोर्ड लागेल. पुढच्या बाजाराला तो लागलाही, मोहनरावांच्या हस्ते, आणि त्याची बातमी छापून आली. बातमीत कडूबाईचं नाव नव्हतं, 'एका मातेच्या अश्रूंनी' असं होतं. त्या दिवशी कडूबाई रडली नव्हती.

बैठक मोडल्यावर ऋतुजा फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागली. कडूबाई एक टोक धरायला पुढं झाली, तर तिनं हात झटकला.

"घरी येऊन सांगायचं ना आत्या. चार माणसांत कावून?"

"त्यांनी इचारलं."

"त्यांनी इचारलं! ते काकाच्या पोटावर आलतं म्हणून त्यांनी इचारलं. ताईला पेपरात नाव यायला पायजे व्हतं म्हणून तिनं इचारू दिलं. तुला कळलं न्हाई?"

"कळलं. पर खोटं कसं बोलू?"

ऋतुजा फ्लेक्स गुंडाळत राहिली. अभिमन्यूचं तोंड आत गेलं, मग खांदा, मग रान. मग ती थांबली.

"त्यो निस्ता तुझा व्हता का? मला बी त्याला हसताना बघायचं व्हतं. तो गेला तवा तुला समद्यांनी धरलं. मला कुणी इचारलं का? म्या कोण व्हते त्याची? मामाची पोरगी. रड म्हणले तेवढं रडले आन् घरी गेले. दोन महिने मोबाईल घेऊन बसले, तवा कुठं त्यो तसा हसला. त्यात दात सरळ झाला, म्हणून ठेवला तसाच. मला वाटलं, बरा दिसतोय, तर आसू दे."

कडूबाईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हातात अजून फ्लेक्सची दोरी होती, तिचं काय करावं हे तिला कळेना. तेवढ्यात रामेश्वर टेम्पो घेऊन आला. बहिणीकडं न बघता त्यानं सामान चढवलं. पोरीला पुढं बसवलं आणि निघून गेला.

घरी आल्यावर कडूबाईनं भिंतीवरची फ्रेम उतरवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जागेवर होती.

"तुला ह्यो त्यो वाटत न्हाई ना," नाथा म्हणाला. "मला वाटतोय. मला तर आता दुसरा आठवत बी न्हाई. तुझं गेलं, माझं कावून काढून घेतीस?"

तिनं फ्रेम तशीच राहू दिली. चाती घेऊन भिंतीकडं पाठ करून बसायला लागली.

ऋतुजानं बस स्टँडजवळ गाळा घेतला. तिथं अडवणारं कुणी नव्हतं. गेवराई, माजलगावकडून येणारे लोक उतरले की आधी तिच्याकडं जायचे. कारागिरांच्या बाजारात गर्दी कमी झाली. मडकीवाला कडूबाईला राम राम करीना. सुंदररावांकडं काही जुनी गिऱ्हाइकं परतली, बाकीचे स्टँडवरून टाक घेऊन यायचे आणि जाता जाता ह्यांना दाखवून जायचे.

एका बाजाराला सुंदररावांनी कडूबाईपुढं लाल कापडाची पुडी ठेवली. आत चांदीचा टाक होता. घोडा, स्वार, भाला. दोन ठिपके आणि एक रेघ.

"पोराचा," ते म्हणाले. "माझ्याकडून. देवात ठेवा."

"कशापायी?"

"तुमी त्या दिशी खरं बोललात. तुमच्यामुळं बाजार राहिला."

कडूबाईनं पुडी बांधली आणि त्यांच्या बाजूला सरकवली. "म्या तुमच्यासाठी बोलले न्हाई."

सुंदररावांना राग आला. त्यांनी ते मनापासून केलं होतं. "मंग कुणासाठी बोललात? भाऊ तोडला, भाची तोडली. कुणासाठी, सांगा की!"

तिनं उरलेल्या घोंगड्या बांधल्या आणि दुपारीच घरी आली. त्यानंतर बाजाराला नाथा एकटाच जायला लागला.

फाल्गुनात ऋतुजाचं लग्न ठरलं. नवरा दिंद्रुडचा, कीटकनाशकांचं दुकान असलेला. पत्रिका आली ती नाथाच्या नावानं. रामेश्वरानं ती वडवणीतच एकाच्या हातात दिली, वस्तीवर आला नाही. आत्या म्हणून नवरीला हळद लावायचा पहिला मान कडूबाईचा. त्याबद्दल फोनही आला नाही. तरी तिनं पेटीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. हळदीचा दिवस गेला. लग्नाच्या सकाळी तिनं ते घडी करून परत ठेवलं.

"मेंढरं कोण बघंल?" ती म्हणाली. "तुमी जाऊन या."

जाताना तिनं नाथाकडं एक नवी काळी घोंगडी दिली. सबंध हिवाळा तिनं तिची लोकर वेगळी निवडून, बारीक कातून ठेवली होती. नाथा ऊन कलताना परत आला. घोंगडी त्याच्याजवळ नव्हती. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, पाणी प्यायला.

"दिली का?"

"दिली."

"तिच्या हातात?"

"गर्दी व्हती लई. आहेराच्या ढिगात ठेवली."

कडूबाईनं तांब्या घेतला. "नवरी कशी दिसत व्हती?"

"चांगली."

"माझं इचारलं का कुणी?"

"इचारलं की," नाथा म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की तिला कळलं. तिनं तांब्या जागेवर ठेवला आणि मेंढरं वाड्यात घ्यायला बाहेर गेली.